लंडनपुढचं शून्य

या, अशा इकडे जवळ सरका. दारात काय उभं राहायचं? आणि आल्या आल्या मनगटाकडे बघायची ही कुठली रीत? किती दिवसांनी तोंड दाखवलंत ते आठवत नाही, आणि बूड टेकायच्या आधी म्हणता, साडेअकरा झाले, निघायला हवं. माझ्या शेजारच्या गाळ्यात जो होता ना, त्याने तुम्हाला बरोबर धरलं असतं. चष्मा कपाळावर ढकलला असता, मान जराशी तिरकी केली असती आणि विचारलं असतं, "साडेअकरा? कुठल्या घड्याळाने?"

हा त्याचा ठरलेला प्रश्न. पोस्टमन म्हणाला दहाला येतो, की हा विचारणार, "कुठल्या घड्याळाने?" एकदा एसटी स्टँडवर कंट्रोलरलाच विचारलं. कंट्रोलर म्हणाला, "यष्टीच्या घड्याळाने. पटत असेल तर बसा, नाय तर चालत जा पोलादपूरला." रांगेतले सगळे हसले. मीही हसले होते. हा प्रश्न त्याला कशातून लागला ते पूर्ण कळलं, तेव्हापासून हसू येत नाही. तेच सांगायला बसवलंय तुम्हाला.

माझी पिठाची गिरणी महाडच्या बाजारपेठेत. तिच्या भिंतीला भिंत लावून त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. आता पीठ आणि कॉम्प्युटर यांचा शेजार कसा व्हायचा? माझं पीठ उडणार आणि त्याच्या यंत्रात जाऊन बसणार. आठ-पंधरा दिवसांनी तो आतला पंखा काढून माझ्यासमोर धरायचा.

"काकी, हे ओळखा. ज्वारी की तांदूळ?"

मी बोटाने चोळून सांगायची, "तांदूळ. मोदकाचं पीठ."

"मग गणपती जवळ आले म्हणायचे." एवढं बोलून पंखा पुसत परत. वीस-बावीस वर्षांच्या शेजारात आमचं भांडण म्हणाल तर एवढंच.

त्याचे वडील तो लहान असतानाच गेले. घरी आई आणि एक धाकटी बहीण. कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि कॉम्प्युटर शिकला तो जुनी पुस्तकं आणून, आपला आपण. मीही शाळा सोडल्यावर वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून वाचायला शिकलेली, त्यामुळे त्याचं मला कौतुक. एकदा मला म्हणाला होता, "काकी, शिकवणारं कोणी नसलं की चुका आपल्या आपण करायच्या, आणि त्या पकडायलाही कोणी नसतं." पण हे तो बोलला फार नंतर. तरुणपणी त्याला आपली चूक होऊ शकते असं वाटत नव्हतं.

पंचविशीत असेल, तेव्हा त्याने पत्रिकेचा प्रोग्राम लिहिला. त्या काळी पत्रिका म्हणजे गुरुजींकडे खेपा. याच्याकडे नाव, तारीख, वेळ आणि जन्मगाव सांगायचं, की पाच मिनिटांत जाड कागदावर छापून बाहेर. वर गणपती, कडेने वेलबुट्टी. लोक बघायला यायचे. पुढे पुढे तर गुरुजीच सांगू लागले, आकडेमोड त्याच्याकडून करून आणा, बाकी मी बघतो. लिहायच्या दिवसांत त्याने महाड, पोलादपूर, माणगाव, सगळ्या आळीतल्या माणसांच्या जुन्या पत्रिका आणून ताडून पाहिल्या. माझीही नेली होती. सगळ्या तंतोतंत जुळल्या. मग कोणी शंका काढली की म्हणायचा, "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, काकी."

आता एका मुलीबद्दल सांगते. ती राहायची आमच्या मागच्या आळीत. तिचे वडील लंडनला बिस्किटांच्या कारखान्यात होते. ती तिथेच जन्मली. आजी-आजोबांचं बघायला कोणी नाही म्हणून वडील बिऱ्हाड गुंडाळून महाडला आले तेव्हा ती चार वर्षांची होती. मोठी झाल्यावर याच्याकडे टायपिंग शिकायला लागली. शिकवायचा हा, पण याच्या पाटीवरचं इंग्रजी स्पेलिंग चुकलंय हे तिने दाखवलं. त्याने स्टुलावर चढून, जीभ दातात धरून ती पाटी रंगवली, आणि ती खाली उभी राहून एकेक अक्षर सांगत होती. मी गिरणीतून बघत होते. दळण संपून जातं रिकामं फिरत होतं, तरी माझं लक्ष नाही. तेव्हाच ओळखलं मी.

दोघांच्या घरी कळलं. दोन्हीकडे फारशी हरकत नव्हती. त्याची आई एवढंच म्हणाली, पत्रिका तेवढी बघू. तो तर हरखला. माझ्याकडे येऊन म्हणाला, "काकी, दुसऱ्या कोणाकडे कशाला जायचं? आमची पत्रिका माझ्याच प्रोग्रामवर काढणार." तिच्या वडिलांनी जन्माच्या दिवशी एका कार्डाच्या मागे वेळ लिहून ठेवली होती: जुलै महिना, सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं. ती त्याने स्वतःच्या हाताने घातली, स्वतःच छापली आणि स्वतःच आईच्या हातात नेऊन दिली.

आई तो कागद घेऊन पोलादपूरला त्यांच्या गुरुजींकडे गेली. गुरुजींनी बघितलं आणि सांगितलं, मुलीला आठव्या घरात मंगळ आहे. आठवं घर म्हणजे मृत्यूचं, नवऱ्याच्या आयुष्याला धोका. ऐन तारुण्यात नवरा गेलेली बाई ती. तिला दुसरं काही ऐकूच येईना. "मला एकच मुलगा आहे," म्हणाली, आणि विषय मिटला.

तुम्ही म्हणाल, तो भांडला का नाही? मीही विचारलं होतं. मंगळबिंगळ तो फारसं मानत नव्हता. पण आई रडत विचारायची, "तुझ्याच मशिनाने सांगितलं ना? मग ते खोटं का?" खोटं म्हणावं तर सगळ्या तालुक्याला छापून दिलेल्या पत्रिका खोट्या. आई निवळेल, मग बघू, असं म्हणत वर्ष गेलं, दुसरं गेलं. तोवर तिच्या पत्रिकेत काय आहे ते गावभर झालं होतं. तिची दोन-तीन स्थळं नुसती कागद बघून परत गेली. वडील वारले, तशी ती पोलादपूरकडे आंबेनळी घाटाच्या पायथ्याला मामाच्या गावी गेली आणि तिथे अंगणवाडी चालवायला लागली. याने लग्न केलं नाही. तिनेही नाही. आई पुढे थकून गेली. जाताना त्याला म्हणाली म्हणे, "तू आहेस ना जिवंत, बस मला."

असे दिवस चालले होते. पावसाळ्यात बाजारपेठेत पुराचं पाणी भरलं की कॉम्प्युटर माळ्यावर, चिखल काढला की परत खाली. तो चाळिशी ओलांडून गेला, केस पांढरे झाले. आणि तीन-चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमाराला पाचाडहून एक खानावळवाले आले. त्यांचा मुलगा इंग्लंडला हॉटेलात स्वयंपाकी. त्याला मुलगी झाली होती, तिची पत्रिका करायची होती.

"वेळ सांगा," हा म्हणाला.

"दीड. पहाटचा. पन दुसऱ्या दीडला झाली हां."

"दुसऱ्या म्हणजे दुपारच्या?"

"नाय रे बाबा! पहाटचाच. तिकडं दीड दोनदा वाजला."

मी गिरणी बंद करून दारात आले. असलं काही रोज ऐकायला मिळत नाही.

"दोनदा कसा वाजेल, काका?"

"मला काय ठावं? पोरगा फोनवर सांगतो, दीड वाजला, मंग दोन व्हायला आले, तर सगल्यांनी घड्यालं मागं केली नि परत एक. मंग परत दीड. तेव्हा नात झाली. नर्सनी तसं कागदावर लिवून दिलंय. म्हनतो, बाबा, दुसरा दीड सांगा, पयला सांगू नका."

मी म्हटलं, "आमच्या गिरणीला असा एखादा तास परत मिळाला तर काय बहार होईल!" तोही हसला. मुलाला फोन लावला, सगळं विचारून घेतलं. मुलाने सांगितलं, इकडे उन्हाळ्यात दिवस फार लांब असतो, म्हणून सरकार सगळ्यांना घड्याळ एक तास पुढे करायला लावतं आणि थंडी लागायच्या आधी परत मागे घेतं. दर वर्षी. फार जुनी पद्धत आहे.

हा हसता हसता थांबला. फोन कानाला तसाच. मग हळूच विचारलं, "जुलैत पुढे असतं?"

"होय ना. जुलैत पुढेच."

पाचाडचे काका गेले. त्याने शटर अर्धं ओढलं आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. मी चहा घेऊन वाकून आत गेले तर तो पडद्यासमोर बसलेला. मला बोटाने एक ओळ दाखवली. "काकी, ही गावांची यादी मी लिहिली होती. प्रत्येक गावापुढे एक आकडा. ग्रीनिचच्या घड्याळापेक्षा ते गाव किती तास पुढे. आपल्यापुढे साडेपाच. लंडनपुढे मी शून्य लिहिलं."

"मग?"

"थंडीत शून्य. उन्हाळ्यात एक हवा. कॉम्प्युटरला तारीख बघून ठरवायला सांगायचं असतं. कुठल्या देशात कुठल्या वर्षी काटे कधी हलले, त्याची जाणत्या लोकांनी केलेली यादी तयार मिळते, ती वापरायची असते. मी माझ्या मनाने आकडा लिहिला. तपासायला सगळी माणसं घेतली ती आपली, इकडे जन्मलेली. ती बरोबरच येणार."

मी म्हटलं, "एक तासाने असं काय होतं रे?"

त्याने एक कागद छापला आणि माझ्यापुढे धरला. मला त्यातलं फार कळत नाही, पण घरं मोजता येतात. तिचा मंगळ आठव्यात नव्हता. नवव्यात होता. नववं घर भाग्याचं.

"कॉम्प्युटर खोटं नाही बोलला, काकी," तो म्हणाला. "मी त्याला खोटं शिकवलं."

त्यानंतर त्याला एक वेडच लागलं. इतक्या वर्षांच्या पत्रिका मशिनात होत्या. त्यातून परदेशात जन्मलेल्यांच्या निवडून काढल्या. मग कुठेतरी वाचनात आलं, की महायुद्धाच्या काळात आपल्याकडेही सरकारने घड्याळं तासभर पुढे केली होती. तेव्हा जन्मलेल्या म्हाताऱ्यांनी पंचाहत्तरीच्या शांतीसाठी याच्याकडून पत्रिका करून घेतलेल्या, त्याही निवडल्या. तीसेक कागद निघाले. नवे छापले, पाकिटात घातले आणि घरोघरी द्यायला निघाला. मी म्हटलं, पोस्टाने पाठव. तर म्हणाला, "चूक हातात नेऊन द्यायची असते." गुडघे बरे असले की मीही सोबत जायची.

असेच एकदा पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीवर गेलो. ऐंशीच्या घरातले आजोबा, अंगणात दोरी वळत बसलेले. याने पाकीट दिलं आणि सांगायला लागला, तुमच्या जन्माच्या वेळी सरकारी घड्याळ तासभर पुढे होतं, ते मी वजा करायला विसरलो होतो, माफ करा.

आजोबा म्हणाले, "कसला घड्याळ?"

"तुमची वेळ सकाळी आठ लिहिलीय ना. ती कुठल्या घड्याळाने?"

"आरे, वाडीत घड्याळ कुणाकडं होता? आई सांगायची, गुरं सोडली नि तू झालास. नातवाने त्याचे आठ केले."

हा बघतच राहिला. "गुरं तर सरकारचं ऐकत नाहीत."

"माझं बी ऐकत नाय."

"म्हणजे आजोबा, तुमची जुनीच बरोबर होती. ही नवी चुकली."

"मग एवढा चढ चढून आलास कशाला?"

"हेच विचारायला, असं समजा."

"बरा केलास. आता जेवून जा. गो, दोन पानं वाढ!" त्यांनी आत हाक मारली. नाचणीची भाकरी आणि वालाची आमटी. तो पोटभर जेवला. फार दिवसांनी त्याला असं जेवताना बघितलं मी. दुकानात परतल्यावर त्याने प्रोग्राममध्ये एक प्रश्न घातला, की वेळ कुठल्या घड्याळाची? खाली तीन उत्तरं: त्या गावचं घड्याळ, सूर्य, आणि गुरं. गिऱ्हाइकं तिसरं उत्तर वाचून हसायची. आणि तेव्हापासून तो प्रश्न त्याच्या तोंडी बसला.

हळूहळू सगळी पाकिटं संपली. एक राहिलं.

"तिचं?" मी विचारलं.

"कुठे ठेवलंय ते सापडत नाही."

"वरच्या खणात आहे. आज सकाळीच तू काढून बघितलंस आणि परत ठेवलंस. मी काय आंधळी आहे?"

मी दोन महिने मागे लागले. म्हटलं, तीस घरं फिरलास, जिच्यासाठी फिरलास तिच्याकडे जायला पाय का उचलत नाही? शेवटी माघात एका सकाळी म्हणाला, "तुम्ही येत असाल तर जातो." एसटीने पोलादपूर, तिथून रिक्षा. वाटेत तीनदा त्याने पाकिटाच्या कडा सरळ केल्या.

अंगणवाडीत मुलं खिचडी खात होती. ती एकाचं नाक पुसत होती. केस पिकलेले, पण मान वळवायची लकब तीच. मला बघून उठली. "काकी! अगोबाई, तुम्ही इकडे कुठे?" मग माझ्या मागे बघितलं. हातातलं फडकं घडी करायला लागली. घडी झाली, तरी करतच होती.

त्याने पाकीट पुढे केलं. सगळं पाठ करून आलेला, पण बोलला ते उलटसुलट. "तुझी वेळ चुकली होती. म्हणजे, माझी चुकली. लंडनला उन्हाळ्यात घड्याळ पुढे असतं. तो तास मी धरला नव्हता. तुझा मंगळ नवव्यात आहे. आठव्यात कधी नव्हताच."

ती म्हणाली, "माहितीये मला."

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी. तेव्हाच. तुझ्या आईने नकार कळवला त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, अगं, तिकडे उन्हाळ्यात काटे पुढे असतात, त्याने ते धरलं नसेल."

"मग मला का नाही सांगितलंस?" त्याचा आवाज मुलांनी वर बघण्याइतका चढला.

"सांगितलं की. दुसऱ्या दिवशी सकाळी आले होते दुकानावर. तू पनवेलला गेला होतास सामान आणायला. काकींजवळ निरोप ठेवला." ती माझ्याकडे बघून हसली, साधं, काही मनात न धरता. "नंतर तुझं काहीच आलं नाही. आधी वाटलं, तुझ्या आईला पटलं नसेल. मग वाटलं, तुलाच नको असेल. परत विचारायला मला जमलं नाही."

आता मी तुमच्यापासून काय लपवू? ती बोलली आणि मला सगळं दिसलं. दिवाळीच्या आधीचे दिवस. भाजणीचे डबे पार रस्त्यापर्यंत लागलेले. ती माझ्याशेजारी उभी, निळी ओढणी, तिच्यावर पीठ उडत होतं. म्हणाली, "काकी, त्याला एवढं सांगा, लंडनचं घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे असतं, तेवढं वजा करून परत बघ म्हणावं." मी म्हटलं, "सांगते गो." नीट ऐकलं होतं मी. गिरणीच्या आवाजावर ढकलायला जागा नाही. नकाराचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वाटलं, त्यांच्या कॉम्प्युटरच्या शिकवणीतलं काहीतरी असेल, एक तास इकडचा तिकडे. संध्याकाळी तो आला तेव्हा मी भाजणी चाळत होते. सांगायचं राहिलं. मग दिवाळी आली. मग ते मनातून गेलंच. लग्न मोडलं ते मंगळापायी, एवढंच मला कळलं. तासाचा आणि मंगळाचा संबंध असतो हे मला कुठे माहीत? पण पाचाडचे काका बोलले तेव्हा तरी आठवायला हवं होतं ना? तेव्हा मी त्याला विचारलं, एक तासाने काय होतं.

तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता बोलेल. बोलायला हवा होता. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी त्या पदरात घेतल्या असत्या. तो एवढंच म्हणाला, "त्या दिवसांत काकींकडे भाजणीची रांग असायची."

तिने चहा केला. त्याला साखर कमी लागते हे तिच्या लक्षात होतं. पाकीट तिने उघडलं नाही, मुलांच्या वजनाच्या रजिस्टरखाली ठेवून दिलं. निघताना तो दाराशी घुटमळला. "आता..." एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "आता मुलांची झोपायची वेळ झाली." आणि आम्ही निघालो.

येताना एसटीत त्याने मला खिडकीची जागा दिली. माझी पिशवी मांडीवर घेतली. महाडला उतरताना कोपराला धरून उतरवलं. त्याचा तो हात मला अजून कोपराला जाणवतो.

महिनाभर दुकान चाललं. मग एका सकाळी तो चावी घेऊन आला. बहिणीकडे वसईला जातो म्हणाला.

मी म्हटलं, "माझ्यामुळे चाललास ना?"

"तुमच्यावर राग नाही, काकी. खरंच नाही." चावी माझ्या हातात ठेवली. "पण सकाळी गिरणी सुरू झाली की मला वाटतं, आता काकी हाक मारतील आणि निरोप सांगतील. रोज वाटतं. आता सांगतील."

त्याला सोडायला मी वीर स्टेशनवर गेले. गाडी आली, तो चढला, दाराशी उभा राहून त्याने हात केला. मी पदर तोंडाला लावून फलाटावर उभी. एवढी वर्षं बोलण्यात गेलेली बाई मी, पण त्याला हाक मारून जे म्हणायचं होतं ते मला म्हणता आलं नाही.

दोन वर्षं झाली. गिरणी मी पुतण्याला देऊन टाकली, त्याने ती नाक्यापलीकडे नेली. शेजारचा गाळा बंदच आहे.

आणि मागच्या महिन्यात ती आली होती. महाडला अंगणवाड्यांच्या प्रकल्पाच्या ऑफिसात मीटिंग होती, तिथून चालत माझ्याकडे. तो कुठे आहे विचारलं. वसईला म्हटल्यावर नुसती मान हलवली. चहा घेतला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. उंबऱ्यावर चपला घालताना, पाठ माझ्याकडे करून म्हणाली, "काकी, त्याला म्हणावं, पाकीट मी अजून उघडलेलं नाही. दोघं बसून उघडू. एकदा येऊन जा."

ती वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत मी फोन घेतला. त्याचा नंबर लागेना. बहिणीला केला. ती म्हणाली, दादा इथूनही गेला, गुजरातकडे कुठल्याशा कारखान्यात काम लागलंय, नंबर बदललाय, महिन्या-दोन महिन्यांनी त्याचाच फोन येतो. मी निरोप सांगितला, शब्दन्‌शब्द, दोनदा. ती म्हणाली, "सांगते हां, काकी."

सांगते! मला त्या शब्दाचा आता भरवसा राहिलेला नाही. म्हणून हे सगळं लिहून काढलंय आणि दारात येईल त्याला बसवून वाचून दाखवते. तुमचं जाणं-येणं सगळीकडे. कुठे दिसला तर ओळखाल ना? चष्मा कपाळावर, मान जराशी तिरकी. त्याच्या हातात हा कागद द्या. बाकी काही बोलू नका.

आणि तू, हे वाचत असशील तर ऐक रे. ती म्हणालीय, येऊन जा. मी नीट ऐकलंय, आणि या वेळी सांगितलंय. माझ्याकडे यायलाच हवं असं नाही. स्टँडवरून परस्पर पोलादपूरची गाडी धरलीस तरी मला चालेल. पण ये बाळा. लवकर ये.